ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचाय? आधी खोली मोजा

गिटारवरचा आवाजाचा नॉब दहावर ठेवा आणि ई कॉर्ड जोरात छेडा. आवाज फाटतो, पण फाटक्या स्पीकरसारखा नाही. त्यात एक दाणेदार गोडवा असतो आणि सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. आता अ‍ॅम्पला हात न लावता गिटारचा नॉब चारवर आणा आणि तोच कॉर्ड हलक्या हातानं वाजवा. आवाज स्वच्छ, घंटेसारखा येतो. या दोन टोकांमधल्या सगळ्या छटा तुमच्या उजव्या हातात आणि त्या एका नॉबमध्ये असतात. जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या चांगल्या ट्यूब अ‍ॅम्पसाठी लोक एवढे पैसे मोजतात ते यासाठीच.

ज्यांनी तंबोरा जवळून ऐकला आहे त्यांना हे लगेच कळेल. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की मुकी तार बोलायला लागते, एका सुरातून वरचे स्वर उमलतात. मिरजेचे कारागीर त्या जवारीसाठी तासन्‌तास घोडी घासतात. ट्यूबचंही असंच आहे. ती आपल्या कुवतीच्या काठावर आली की मूळ सुरात वरचे स्वर मिसळायला लागते, आणि ते एकदम नाही, हळूहळू. तो काठ गाठणं हाच सगळा खेळ.

अडचण एवढीच की हा काठ एका ठरावीक मोठ्या आवाजावर येतो. तो आवाज तुमच्या खोलीला झेपत नसेल तर कितीही महागडा अ‍ॅम्प तुम्हाला कधीच त्याचं खरं रूप दाखवणार नाही. माझा पहिला ट्यूब अ‍ॅम्प शंभर वॅटचा होता. ‘एकदाच घ्या, मोठा घ्या’ असं दुकानदारानं सांगितलं आणि मी ऐकलं. दोन खोल्यांच्या घरात दोन वर्षं तो दीडच्या वर गेला नाही. त्या आवाजावर तो सपाट आणि निर्जीव वाटायचा, आणि मला वाटायचं ट्यूबचं कौतुक उगाच होतं. नंतर एका मोकळ्या हॉलमध्ये तोच अ‍ॅम्प पाचवर ऐकला तेव्हा आपण काय विकत घेतलं होतं ते कळलं. म्हणून हा लेख खोलीपासून सुरू करतो.

पायरी १: वॅट ठरवा

वॅट आणि कानाला जाणवणारा आवाज यांचं नातं सरळ नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट साधारण दहापट लागतात. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा दुप्पट मोठा वाटतो, दहापट नाही. आणि १०० वॅट व ५० वॅट यांत जेमतेम ३ डेसिबलचा फरक.

दुसरा आकडा स्पीकरचा. गिटारच्या स्पीकरची संवेदनशीलता साधारण ९५ ते १०० डेसिबल असते, म्हणजे त्याला फक्त १ वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज होतो. माणसं गप्पा मारतात त्या ६० डेसिबलच्या आसपास. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. एका वॅटमध्येच तुम्ही कुठल्या कुठे पोचता ते बघा. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये २२ वॅटचा अ‍ॅम्प मोकळा सोडणं शक्यच नाही.

माझा हिशेब असा आहे. घरीच वाजवायचं असेल तर १ ते ५ वॅट. ड्रमरबरोबर तालीम आणि छोटे कार्यक्रम असतील तर १५ ते २२ वॅट. मोठ्या मंचावरसुद्धा आजकाल स्पीकरसमोर माइक लावतात, त्यामुळे तिथेही २२ वॅट पुरतात. ४० किंवा त्याहून जास्त वॅट फक्त त्याला लागतात, ज्याला मोठ्या आवाजातही अजिबात न फाटणारा स्वच्छ सूर हवा आहे. जॅझ वाजवणारे, कंट्री वाजवणारे, खूप पेडल (पायानं दाबायचे इफेक्टचे डबे) वापरणारे यांची गरज खरी आहे. बाकीच्यांना सहसा मोठ्या आकड्याची भुरळ पडलेली असते.

मोठा अ‍ॅम्प मनात भरलाच असेल तर अ‍ॅटेन्युएटर आहे. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून तो जास्तीची शक्ती उष्णतेत जिरवतो. साधे अ‍ॅटेन्युएटर निव्वळ रोधकांचे असतात. महागडे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ प्रकारचे, स्पीकरच्या कॉइलसारखे वागतात आणि अ‍ॅम्पला खरा स्पीकर जोडल्यासारखं वाटतं. फ्रायेट पॉवर स्टेशन, युनिव्हर्सल ऑडिओ ऑक्स, टू नोट्स कॅप्टर एक्स ही त्यांतली चालती नावं. ऑक्स आणि कॅप्टरमधून थेट हेडफोनवर किंवा रेकॉर्डिंगलाही आवाज काढता येतो, आणि रात्री वाजवणाऱ्याला हे वरदान आहे. पण थोडा आवाज उतरवला तरच अ‍ॅटेन्युएटरची मजा टिकते. फार खाली आणलं की आपला कानच खर्ज आणि वरचे सूर कमी ऐकतो, स्पीकरचा कागदही हलेनासा होतो, आणि सूर पातळ वाटतो. तो दोष अ‍ॅम्पचा नाही.

पायरी २: आत काय चालतं ते समजून घ्या

सर्किटचा अभ्यास करायला नको, पण आवाज कुठून कुठे जातो हे कळलं तर दुकानात कोणी फसवू शकत नाही.

ट्यूब म्हणजे आपल्या आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते. मधल्या कॅथोडला ६.३ व्होल्टच्या तारेनं तापवलं की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात आणि ३०० ते ४५० व्होल्टवर असलेल्या प्लेटकडे धावतात. वाटेत बारीक तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारकडून आलेला इवलासा सिग्नल या जाळीवर येतो आणि नळाच्या चावीसारखा मोठा प्रवाह कमी-जास्त करतो.

पहिला टप्पा प्रीअ‍ॅम्पचा. इथे बोटाएवढ्या छोट्या ट्यूब असतात, बहुतेक १२एएक्स७. तिलाच युरोपात ईसीसी८३ म्हणतात. मग बास, मिडल, ट्रेबलचे नॉब. त्यानंतर फेज इन्व्हर्टर, जो सिग्नलच्या दोन उलट प्रती करून दोन्ही बाजूंच्या पॉवर ट्यूबना वाटून देतो. मग मोठ्या पॉवर ट्यूब: ६व्ही६, ६एल६, ईएल८४, ईएल३४. शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ट्यूबकडे व्होल्टेज भरपूर आणि करंट थोडा असतो, तर स्पीकरला याच्या उलट हवं असतं. ही अदलाबदल ट्रान्सफॉर्मर करतो. अ‍ॅम्पच्या वजनातला मोठा वाटा आणि आवाजाच्या प्रकृतीतला त्याहून मोठा वाटा या लोखंड-तांब्याच्या ठोकळ्याचा असतो. माहितीपत्रकात त्याला फार तर एक ओळ मिळते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आवाज दोन ठिकाणी फाटू शकतो. प्रीअ‍ॅम्पमध्ये फाटला तर तो घट्ट, बारीक दाण्याचा आणि दाबलेला असतो, आणि हळू आवाजातही मिळतो. मास्टर व्हॉल्यूमच्या नॉबचा उपयोग हाच: पुढे फाडा, मागून दाबा. पॉवर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर एकत्र ताणले गेले की जो आवाज येतो तो रुंद, श्वास घेणारा. त्यात रेक्टिफायरची, म्हणजे घरातल्या एसी विजेची डीसी करणारी, ट्यूब असेल (जीझेड३४ त्यांतली प्रसिद्ध), तर जोरात वाजवल्यावर व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि पुन्हा वर येतं. बोटाखाली स्प्रिंग असल्यासारखं वाटतं. हा अनुभव काहींना अतिशय प्रिय आहे. झपाट्यानं आणि ठोक्यात वाजवणाऱ्यांना मात्र तो ढिला वाटतो.

तुम्हाला यांतलं कुठलं फाटणं हवं आहे, हे ठरलं की अर्धे अ‍ॅम्प आपोआप यादीतून जातात.

पायरी ३: घराणी ओळखा

गाण्यात घराणं कळलं की गवयाची चाल कळते. अ‍ॅम्पमध्ये मूळ घराणी तीनच आहेत, आणि आजचे बहुतेक महागडे अ‍ॅम्प त्यांचेच शागीर्द आहेत.

पहिलं फेंडरचं, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचं. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हते. ते रेडिओ दुरुस्त करणारे होते आणि वादकांचं म्हणणं कान देऊन ऐकायचे. १९६३ साली आलेला डिलक्स रिव्हर्ब मी नवशिक्याला ऐकण्याचा मापदंड म्हणून सुचवतो: दोन ६व्ही६, जीझेड३४ रेक्टिफायर, २२ वॅट, १२ इंची एक स्पीकर. सूर स्वच्छ, वर चमक, मध्ये थोडी पोकळी. ही पोकळी टोनच्या सर्किटचाच स्वभाव आहे. सगळे नॉब पाचवर ठेवले म्हणजे आवाज ‘सपाट’ झाला असं नसतं, मधले सूर तरीही खाली असतात.

दुसरं घराणं पहिल्यातूनच फुटलं, आणि ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. ते स्वतः ड्रमर आणि ड्रमचे शिक्षक. अमेरिकेतून येणारे फेंडर इंग्लंडमध्ये फार महाग पडायचे. १९६२ साली मार्शल, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर बेसमनचं ५एफ६-ए हे सर्किट समोर ठेवून स्वतःचा अ‍ॅम्प उभा केला, तो जेटीएम४५. सर्किट जवळपास तेच, तरी आवाज वेगळा का आला? बेसमनमध्ये पहिल्या जागी १२एवाय७ ही कमी वाढ देणारी ट्यूब होती, मार्शलनी तिथे ईसीसी८३ बसवली. इंग्लंडात मिळणारे ट्रान्सफॉर्मर वेगळे होते. आणि बेसमनच्या मागून उघड्या खोक्यातल्या १० इंची चार स्पीकरांऐवजी त्यांनी मागून बंद खोक्यात सेलेस्टियन कंपनीचे १२ इंची चार स्पीकर लावले. एवढ्या फरकांनी सूर जाड झाला, मधले स्वर पुढे आले, लवकर फाटायला लागला, आणि रॉक संगीताला त्याचा आवाज मिळाला. पुढे ईएल३४ ट्यूबांनी तो आणखी खरखरीत झाला. सर्किटच्या आराखड्यापेक्षा ट्यूब, लोखंड आणि स्पीकर किती बोलतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसरं घराणं व्हॉक्सचं, केंटमधल्या डार्टफर्डचं. डिक डेनी यांनी आधी एसी१५ आणि मग एसी३० घडवला. चार ईएल८४, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा अंश उलटा करून मागे देणं) नाही, सेलेस्टियनचे निळे, अल्निको चुंबकाचे स्पीकर. वरचे सूर झणझणीत आणि फाटण्याची सुरुवात इतकी हळुवार की कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. जाहिरातीत एसी३०ला ‘क्लास ए’ म्हणतात. त्या शब्दाच्या मागे लागू नका. त्यावरून आवाज कळत नाही.

यांच्यापुढचे ते शागीर्द. रँडल स्मिथ यांनी फेंडर प्रिन्स्टनच्या १२ वॅटच्या छोट्या खोक्यात दणदणीत अ‍ॅम्प बसवून मेसा बूगीची सुरुवात केली. मॅचलेस डीसी-३० ही व्हॉक्सच्या वाटेवरची भक्कम चीज आहे. न्यू जर्सीतले केन फिशर पूर्वी अँपेगमध्ये इंजिनिअर होते. त्यांचे ट्रेनरेक अ‍ॅम्प मोजकेच, आणि प्रत्येकाला आकड्याऐवजी एका स्त्रीचं नाव. कॅलिफोर्नियातले अलेक्झांडर डंबल एकेका वादकाचा हात बघून अ‍ॅम्प जुळवायचे आणि कोणी नक्कल करू नये म्हणून सर्किटवर इपॉक्सी ओतायचे. २०२२ साली ते गेले. त्यांच्या अ‍ॅम्पला आज लाख डॉलरच्या वर किंमत येते. तो तुम्ही-आम्ही घेणार नाही, पण टू-रॉकसारख्या कंपन्यांनी त्या वाटेवरून सुरुवात केली. त्यांचा मऊ, लांबणारा, बोटाच्या प्रत्येक दाबाला उत्तर देणारा सूर तिथून आलेला आहे.

पायरी ४: पैसे कुठे जातात

‘हँड-वायर्ड’ म्हणजे आतले सुटे भाग पाट्यावरच्या खुंट्यांना हातानं सोल्डर केलेले. छापील सर्किट बोर्डापेक्षा यामुळे आवाज आपोआप चांगला होतो, हे मला पटत नाही. मेसा बूगी छापील बोर्डावरच बनतात आणि ते उत्तम आहेत. हाताच्या जोडणीचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. तीस वर्षांनी एखादा कपॅसिटर गेला तर कोणताही जाणता माणूस तो दहा मिनिटांत बदलू शकतो. छापील बोर्डाचा अ‍ॅम्प घेताना मी एकच गोष्ट बघतो: पॉवर ट्यूबची सॉकेट लोखंडी चासीवर (सांगाड्यावर) आवळलेली आहेत की थेट बोर्डावर. बोर्डावर असतील तर ट्यूबच्या उष्णतेनं बोर्ड करपतो आणि सोल्डर सुटतं.

बाकीचा पैसा ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, लाकडी खोकं आणि माणसाचे तास यांत जातो, आणि तो योग्य ठिकाणी जातो.

नावानं फसू नका. फेंडरची टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब दिसायला हुबेहूब आहे, वजनाला हलकी आहे, वाजतेही छान, पण तिच्यात ट्यूब नाही. आत संगणकी नक्कल आहे. काही अ‍ॅम्पमध्ये प्रीअ‍ॅम्पला एक ट्यूब आणि पुढे सगळे ट्रान्झिस्टर असतात. मागची जाळी बघा आणि पॉवर ट्यूब मोजा.

पायरी ५: वीज, आणि इथे घाई नको

भारतात बसून बाहेरचा अ‍ॅम्प मागवणाऱ्यानं ही पायरी दोनदा वाचावी. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट. अमेरिकन अ‍ॅम्प थेट आपल्या सॉकेटमध्ये लावला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर जळेल.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे २३० व्होल्टचं निर्यात मॉडेल मागवणं. बहुतेक छोटे कारखाने ऑर्डर देताना सांगितलं तर ते बनवून देतात. इंग्लंड-युरोपातून घेतलेल्या अ‍ॅम्पला हा प्रश्न सहसा येत नाही. तरीही मागच्या पट्टीवर छापलेलं व्होल्टेज विकणाऱ्याकडून फोटोत मागवा. तोंडी शब्दावर जाऊ नका.

अमेरिकन अ‍ॅम्पच हवा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या. इथे ‘वॅट’ म्हणजे आवाजाचे वॅट नव्हेत. २२ वॅटचा अ‍ॅम्प भिंतीतून त्याच्या कितीतरी पट वीज घेतो. अर्थिंगची तिसरी तार ट्रान्सफॉर्मरमधून अ‍ॅम्पपर्यंत अखंड पोचली आहे का, ते मल्टिमीटरनं बघून घ्या. आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: स्टेप-डाउन व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर ५० हर्ट्झला २० टक्के जास्त चुंबकीय भार येतो आणि तो जास्त तापतो. मागच्या पट्टीवर ‘५०/६०’ लिहिलेलं असेल तर निश्चिंत राहा. नुसतं ‘६०’ असेल तर पहिल्या तासाभरात ट्रान्सफॉर्मरला हात लावून किती तापतो ते बघा, आणि फार तापत असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा नवा ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या. अ‍ॅम्प बंद करून, बाहेरून हात लावायचा, हे सांगायला नकोच.

किंमत ठरवताना अ‍ॅम्पची किंमत, जहाजाचं किंवा विमानाचं भाडं, विमा, कस्टम आणि कर असं सगळं धरून ‘दारात पोचल्यावर किती’ हा एकच आकडा काढा. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बसारखा अ‍ॅम्प तीस किलोच्या आसपास असतो. भाडंच डोळे पांढरे करतं. हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प, वेगळं मागवून स्पीकरचं खोकं इथल्या सुताराकडून करून घेणं हा अनेकांनी वापरलेला शहाणा मार्ग आहे. चांगला स्पीकर आणि १८ मिलिमीटरचं बर्च प्लाय मिळालं की काम होतं.

पायरी ६: ऐका

स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा. पेडल घरी ठेवा.

अ‍ॅम्प दहा मिनिटं तापू द्या. मग रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा नॉब) शून्यावर आणून एकेक तार वाजवा आणि सूर विरेपर्यंत ऐका. स्वच्छ आवाजातच दोष कळतात: विरताना खरखर येते का, सुराच्या मागे दुसराच एखादा बेसूर तरंगतो का. नंतर आवाज फाटण्याच्या काठावर न्या आणि सुरुवातीला सांगितलेली परीक्षा घ्या. फाटलेल्या आवाजात पूर्ण कॉर्ड वाजवून प्रत्येक तार वेगळी ऐकू येते का पाहा. चिखल होत असेल तर अ‍ॅम्प परत ठेवा, नाव कितीही मोठं असो.

आणि उभं राहून अ‍ॅम्प ऐकू नका. १२ इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर फेकतो. अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुमचे कान पाच फुटांवर असतील तर आवाज बोथट वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोर बसलेल्या माणसाच्या कानात सुया टोचतात. स्पीकरच्या उंचीवर बसा, मग तीन मीटर लांब जाऊन ऐका. दोन्ही ठिकाणी सूर आवडला तरच पुढे बोला.

शेवटी ज्या आवाजात तुम्ही घरी वाजवणार आहात तेवढाच आवाज ठेवून पंधरा मिनिटं वाजवा. दुकानात हे करायला संकोच वाटतो, तरी करा. तुमच्या आयुष्यातले नव्वद टक्के तास त्या आवाजावर जाणार आहेत.

पायरी ७: जुना घेत असाल तर

साठ-सत्तरच्या दशकातला फेंडर आजही बाजारात मिळतो. १९६३ ते १९६७ या काळातले ‘ब्लॅकफेस’ (समोरची पट्टी काळी) महाग, १९६८ पासूनचे ‘सिल्व्हरफेस’ (पट्टी चंदेरी) त्या मानानं स्वस्त. सुरुवातीच्या काही सिल्व्हरफेसचं सर्किट ब्लॅकफेसच्या इतकं जवळ आहे की माझी शिफारस त्यांनाच.

वय तपासायचं तर ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरवर ठसवलेले आकडे वाचा. पहिले तीन आकडे कारखान्याचे: ६०६ म्हणजे शूमाकर ट्रान्सफॉर्मर, २२० म्हणजे जेन्सन स्पीकर, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड. त्यापुढचे एक किंवा दोन आकडे सालाचे, शेवटचे दोन वर्षातल्या आठवड्याचे. ‘६०६-५-३२’ असं असेल तर ज्या सालाचा शेवटचा आकडा ५ आहे त्याचा बत्तिसावा आठवडा. दशक अ‍ॅम्पच्या मॉडेलवरून ठरतं. सगळ्या तारखा एकमेकींच्या आसपास असल्या तर अ‍ॅम्प बहुधा मूळचाच आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदललेला असेल तर किंमत उतरली पाहिजे. उलट फिल्टर कपॅसिटर (आतली वीज गाळून सपाट करणारे) बदललेले असणं हा दोष नव्हे, गुण आहे. ते पंधरा-वीस वर्षांत वाळतातच. ‘आत सगळं ओरिजिनल’ असं कोणी अभिमानानं सांगितलं तर त्या कामाचा खर्च वजा करून बोला.

दोन तारांची जुनी अमेरिकन वायर असेल तर अ‍ॅम्प चालू करण्याआधी तीन तारांची, अर्थिंगवाली करून घ्या. माइकला ओठ लागल्यावर बसलेला झटका विसरता येत नाही.

चालू केल्यावर पॉवर ट्यूबकडे बघा. मधली नारिंगी धग ठीक. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तरी घाबरू नका. पण राखाडी प्लेटच लालबुंद होत असेल तर ताबडतोब बंद करा. मग नॉब एकेक करून फिरवा. कडकड आली तर ती साफ करता येते. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं छोट्या ट्यूबना टिचकी मारा. स्पीकरमधून घणघण आली तर ती ट्यूब ‘मायक्रोफोनिक’ झाली आहे. ती बदलणं सोपं असतं, पण त्यावर भाव करता येतो.

पायरी ८: घरी आल्यावर

स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालू करू नका. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला हे चालतं, ट्यूबच्या अ‍ॅम्पला नाही. शक्तीला जायला वाट नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि त्याचं इन्सुलेशन फुटतं. ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध, जुळवा: ८ ओहमचं एक खोकं असेल तर खटका ८ वर, ८ ओहमची दोन खोकी समांतर जोडली तर ४ वर. स्पीकरला स्पीकरचीच जाड केबल लावा, गिटारची नाही. दोन्हींचा जॅक सारखाच दिसतो, म्हणूनच ही चूक होते.

चासी उघडू नका. आत ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात. ते जीवघेणे आहेत.

प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूब तुम्ही स्वतः, थंड झाल्यावर, बदलू शकता आणि त्यात गंमत आहे. १२एएक्स७ची वाढ १००, ५७५१ची ७०, १२एवाय७ची ४५च्या आसपास. अ‍ॅम्प लवकर फाटत असेल तर पहिल्या जागी ५७५१ लावून बघा. पॉवर ट्यूब मात्र जुळवलेल्या जोडीनं घ्याव्या लागतात आणि ‘फिक्स्ड बायस’ अ‍ॅम्पमध्ये त्या बदलल्यावर बायस लावून घ्यावा लागतो. बायस म्हणजे ट्यूब स्वस्थ बसलेली असताना तिच्यातून किती करंट वाहू द्यायचा. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट. तिच्या ७० टक्के म्हणजे २१ वॅट, आणि प्लेटवर ४३० व्होल्ट असतील तर भागाकार येतो साधारण ४९ मिलिअँपिअर. ही वरची हद्द धरा. मोजणाऱ्या माणसाला हा हिशेब विचारा. तो उत्तर देतो की टाळतो, यावरून त्याची पारख होते. माझ्या अनुभवात व्हॉल्व्हचे रेडिओ आणि थिएटरचे जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केलेले हात या कामाला सर्वांत भरवशाचे असतात. असा माणूस अ‍ॅम्प घेण्याआधी शोधून ठेवा.

नव्या ट्यूब आज मुख्यतः स्लोव्हाकियातली जेजे, रशियातला साराटोव्हचा कारखाना आणि चीन इथून येतात. २०२२ साली युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यावर रशियाची निर्यात अडली आणि भाव चढले, त्यामुळे पॉवर ट्यूबची एक जादा जोडी घरात असू द्या. जुन्या, न वापरलेल्या ट्यूबचा वेगळाच बाजार आहे. मलार्ड, टेलिफुंकन यांच्या नावानं खोटे छाप मारलेला मालही त्यात भरपूर असतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं फिलिप्सच्या सहकार्यानं एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्या कंपनीचा, म्हणजे बीईएलचा, खोका अजून जुन्या रेडिओवाल्याच्या कपाटात सापडतो, आणि त्यातली ईसीसी८३ मिळाली तर सोडू नका. पण पहिला जादा पैसा ट्यूबवर नाही, स्पीकरवर खर्च करा. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा लावला तर वॅट दुप्पट केल्याइतका फरक पडतो, आणि सुराचा रंग तर सगळाच बदलतो.

पावसाळा आपल्याकडचा खरा शत्रू आहे. मुंबई, कोकण, गोव्यात ट्यूबच्या सॉकेटवर गंज चढतो, नॉब कडकडायला लागतात, स्पीकरचा कागद ओल धरतो, टोलेक्सवर (खोक्यावरच्या रेक्झिनसारख्या आवरणावर) बुरशी येते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी अर्धा-पाऊण तास अ‍ॅम्प चालू ठेवा. ट्यूबची ऊब आतली ओल बाहेर काढते. तो भिंतीला चिकटवून ठेवू नका, जमिनीपासून थोडा उंच ठेवा. वाजवून झाल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत कव्हर घालू नका, नाहीतर उरलेली वाफ आतच बसते.

आणि खोक्याच्या आतल्या बाजूला, पूर्वीचे रेडिओवाले करायचे तशी, एक चिठ्ठी चिकटवा: ट्यूब कधी बदलल्या, कोणत्या, बायस किती मिलिअँपिअरवर लावला, कपॅसिटर कोणत्या साली बदलले. पुढच्या वेळी मागची फळी काढणारा माणूस सगळ्यात आधी तेच शोधेल.